गोव्याच्या दर्शनसोहळ्याची रौप्यपदके
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



समितीने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. त्या स्वातंत्र्याचा आम्ही थोडा गैरफायदा घेत आहोत, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कारण आम्ही जे बोलणार आहो ते समितीच्याच एका ठरावासंबंधी आहे, आणि तो ठराव अद्याप कायम व्हावयाचा असल्यामुळे बोलावयाचे ते आजच बोलले पाहिजे.

ठराव आपणांस ठाऊक आहेच. धर्मग्रामास पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. आपला वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणजे जिल्हा व धर्मग्राम ही जवळजवळ पाठची भावंडेच होत. या प्रसंगाची आठवण म्हणून प्रत्येक कुटुंबास एक लहानसे चांदीचे पदक द्यावे, ही कल्पना सर्वांस आवडली. परंतु चांदीचे भाव चढलेले, आणि आपली कुटुंबे बहुतेक शेतीवर किंवा बेताच्या पगारावर चालणारी. तेव्हा कोणी सुचविले की, वेदीमागील खोलीत लाकडी पेटीत वर्षानुवर्षे पडून असलेली जुनी चांदी सराफाकडे आटवावी व तिचीच नवी पदके करावी. सूचना व्यवहाराची होती. तिच्यामागील हेतूही शुद्ध होता. ती ऐकून प्रथम आम्हीही मान डोलाविली, हे आम्ही लपवीत नाही.

पुढे पेटी उघडली व वजन करावयाचे काम आमच्याकडे आले. सराफाच्या तराजूत एकंदर सदतीस तोळे भरले. त्यांत चांदीचे डोळे निघाले, पावले निघाली, एक इवलासा पाळणा निघाला. ही सारी नवसाची. कोणाची, ते कोणी सांगू शकत नाही, आणि देणाऱ्याने ती देवास दिली तेव्हाच तिची आठवणही देवाच्या स्वाधीन केली. परंतु त्यांच्या तळाशी एका जीर्ण रुमालात बांधलेली अकरा पदके होती, आणि ती पाहून आमचा हात थांबला. अकरांपैकी चार पदकांवर साल वाचता येते: एकावर 1931, दोहोंवर 1952 आणि एकावर 1974. हे आकडे पाहताच, बंधुभगिनींनो, आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ओळखले असेलच की, ही पदके गोव्याची. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र शवाच्या दर्शनसोहळ्याची.

तरुण मंडळींसाठी थोडा मागचा वृत्तांत सांगितला पाहिजे. संत फ्रान्सिस 6 मे 1542 रोजी गोव्यास उतरले आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचान बेटावर त्यांनी देह ठेवला. मधली दहा वर्षे ते एका जागी असे बसलेच नाहीत. मरणसमयी त्यांच्याजवळ ना संघबंधू होते, ना चर्च. शव चुन्यात पुरले. पुढे 1553 साली ते उकरले तो अविकृत आढळले. तेथून ते मलाक्क्यास व मलाक्क्याहून 16 मार्च 1554 रोजी गोव्यास आणण्यात आले. 1622 साली त्यांस संतपद मिळाले.

ज्या चांदीच्या पेटीत आज ते शव आहे तिची हकीकत आपल्या विषयास फार जवळची आहे, म्हणून तिच्याकडे जरा अधिक वेळ देतो. मार्चेल्लो मास्त्रिल्ली नावाचे एक इटालियन येशूसंघीय धर्मगुरू होते. नेपल्स शहरी काम चालू असता वरून हातोडा पडून त्यांचे डोके फुटले व ते मरणाच्या दारी पोहोचले. संत फ्रान्सिस यांच्या मध्यस्थीने आपण वाचलो अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. मार्च महिन्यात 4 तारखेपासून 12 तारखेपर्यंत जो कृपेचा नोव्हेना आपण करतो त्याचा उगम याच प्रसंगात आहे. बरे झाल्यावर ते पूर्वेकडे निघाले, गोव्यास आले, आणि ज्याने आपणांस वाचविले त्याच्यासाठी चांदीची पेटी करण्याचे काम त्यांनी 1636 सालाच्या सुमारास हाती घेतले. पेटी घडविली ती गोव्याच्याच चांदीकामगारांनी. संताच्या चरित्रातील बत्तीस प्रसंग त्यांनी चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठविले. आराखड्यात इटलीची धाटणी, तर हात आपल्या देशाचा, असा तो संयोग आहे. पेटीचे काम चालू असतानाच फादर मास्त्रिल्ली जपानकडे गेले आणि ऑक्टोबर 1637 मध्ये नागासाकी येथे धर्मासाठी त्यांचा शिरच्छेद झाला. पवित्र शव त्या पेटीत ठेवले गेले ते त्याच वर्षाच्या डिसेंबरात. ज्याने चांदी मागितली त्याने ती भरलेली पाहिली नाही.

येथे एक गोष्ट ओघाने सांगावीशी वाटते. गोव्याची पहिली प्रांतिक धर्मपरिषद 1567 साली भरली, तेव्हा ख्रिस्ती लोकांनी मूर्ती, क्रूस, प्याले इत्यादी वस्तू ख्रिस्तेतर कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असा निर्बंध घालण्यात आला होता. परंतु निर्बंध कागदावर राहिला व सोनार आपल्या बागेसरीवर राहिला. चर्चच्या वस्तू सोनारांच्या हातून घडतच गेल्या. आपल्याकडेही ज्या सराफाने ही पेटी तोलली तो आपल्या धर्माचा नाही. तरीपण संताचे पदक तराजूत टाकण्यापूर्वी त्याने ते कपाळास लावले. असो.

आता दर्शनसोहळा कशास, हा प्रश्न. 1759 साली पोर्तुगीज सरकारने येशूसंघीयांस गोव्यातून हाकलून दिले. त्यानंतर लोकांत कुजबूज सुरू झाली की, जाताना त्यांनी संताचे खरे शव आपल्याबरोबर नेले व पेटीत दुसरेच काही ठेवले. वीसबावीस वर्षे ही वावडी विझली नाही. अखेर 1782 च्या फेब्रुवारीत, 10 तारखेपासून 12 तारखेपर्यंत तीन दिवस, पेटी उघडून शव सर्व लोकांस दाखविण्यात आले. लोक आले, त्यांनी पाहिले आणि आपापल्या गावी जाऊन सांगितले. हा पहिला सार्वजनिक दर्शनसोहळा. म्हणजे पाहा, ज्या सोहळ्यास आज आपण केवळ भक्तीचा सोहळा समजतो, तो मुळात साक्षीचा सोहळा होता. अफवेस उत्तर म्हणून हजारो डोळ्यांची साक्ष उभी करावयाची होती.

दुसरा सोहळा 1859 साली, तिसरा 1878 साली, चौथा 1890 साली झाला, आणि मग साधारणतः दर दहा वर्षांनी तो होऊ लागला. 1888 साली मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत आगगाडी चालू झाली, त्यामुळे घाटावरील यात्रेकरूंस वाट सुगम झाली. ताजा सोहळा, गणतीने अठरावा, 21 नोव्हेंबर 2024 पासून 5 जानेवारी 2025 पर्यंत झाला. त्यास आपल्या धर्मग्रामातूनही काही मंडळी जाऊन आली.

यात्रेकरू परत जातो तेव्हा त्यास हातात काहीतरी हवे असते. पंढरीहून बुक्का येतो, काशीहून गंगेचा गडू येतो. गोव्याहून पदक येई. या सोहळ्यांच्या प्रसंगी स्मारक पदके काढण्याची चाल पडली. ज्यास जे परवडेल ते तो घेई: कोणी पितळेचे, कोणी ॲल्युमिनियमचे, कोणी चांदीचे. पोर्तुगीज सरकारने 1931 च्या सोहळ्यासाठी सहा टपाल तिकिटांचा एक संचही 3 डिसेंबर रोजी काढला होता. तिकिटे संग्राहकांच्या वह्यांत गेली. पदके मात्र गळ्यांत गेली, आणि गळ्यातील वस्तूस जे भोगावे लागते ते सर्व त्यांनी भोगले.

पेटीतील 1931 चे पदक आम्ही भिंगाखाली धरून पाहिले. आकाराने जुन्या चवलीपेक्षा थोडे मोठे, वर कडी. एका बाजूस संताची आकृती आहे. चेहरा इतका झिजला आहे की नाक व डोळे हाताला लागत नाहीत, केवळ मस्तकाभोवतीची कड लागते. दुसरी बाजू अंगाकडे असे, ती घामाने व घासण्याने सपाट झाली आहे. तिच्यावर काय होते ते आता कळत नाही. साल मात्र खालच्या बाजूस खोल उठलेले असल्यामुळे वाचते. अक्षरांच्या कडा कोरीव व तळ गुळगुळीत आहे. त्यावरून हे पदक ओतलेले नसून पोलादी ठशाखाली दाबून काढलेले आहे हे समजते. ओतीव नकलेच्या अंगावर बारीक खड्डे असतात व अक्षरे बोथट असतात. ज्यांच्या घरी अशी पदके असतील त्यांनी ही परीक्षा करून पाहावी. जर्मन सिल्व्हर म्हणून जो धातू येतो त्यात चांदीचा अंशही नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

या पदकाच्या धारेवर एके ठिकाणी दोन बारीक खोचा आहेत. सराफाने त्यांकडे बोट दाखवून म्हटले, "मालक, येथे माल दबलेला आहे." आम्हीही तो दोषच समजलो. परंतु पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही ते पदक चार जणांस दाखविले, तेव्हा कारंज्याकडून आलेल्या एका कुटुंबातील वृद्ध आजींनी ते हातात घेतले, अंगठा त्या खोचांवर ठेवला, आणि म्हणाल्या, "हे आमच्या सासूबाईंचे. हे माझ्या मालकांचे दात आहेत."

बंधुभगिनींनो, त्यांनी जी हकीकत सांगितली ती आम्ही येथे त्यांच्या अनुमतीने, नाव न घेता, सांगतो. त्यांचे सासरे मूळचे गोव्याकडील. कारंज्यास एका जिनिंग कारखान्यात यंत्रावर कामास होते. कारंजा तेव्हा कापसाची मोठी पेठ. सरकारी नियमांखाली चालणारा कापसाचा बाजार हिंदुस्थानात प्रथम तेथेच 1886 साली सुरू झाला. सासूबाईंची दोन मुले पाठोपाठ गेली होती. तिसरा मुलगा झाला तेव्हा त्यांनी बोलून ठेवले की, हा वर्षाचा झाला तर सायबाच्या पायांवर घालीन. मूल वर्षाचे झाले आणि त्याच वर्षी, 1931 च्या डिसेंबरात, सोहळा आला. कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंत ती लहान रुळांची गाडी, जिला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले. मूर्तिजापुराहून मोठ्या गाडीने मुंबई. मुंबईहून आगबोटीने पणजी. मांडीवर मूल, बरोबर ज्वारीच्या भाकऱ्या व तिखट. आगबोटीत मूल इतके ओकले की त्यांस वाटले, नवस फेडण्यापूर्वीच देव त्यास नेतो. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये रांगेत उभे राहता राहता दिवस मावळला. त्या काळी भाविकांस संताच्या पायांचे चुंबन घेता येई. त्यांनी मुलास वाकवून त्याचे ओठ तेथे टेकविले, आणि बाहेर येऊन परतीच्या भाड्यातून काढून ठेवलेल्या पैशांत हे चांदीचे पदक घेतले. पितळेचे का घेतले नाही, असे विचारता सासूबाई म्हणत, "पितळ काळे पडले असते आणि मला शंका आली असती."

ते पदक काळ्या दोऱ्यात मुलाच्या गळ्यात बांधले. मुलास दाढा येत होत्या. जे तोंडाजवळ आले ते त्याने चावले. चांदी नरम, तिने दातांची खूण धरली. मुलगा वाढला, शाळेत गेला, नोकरीस लागला, लग्न झाले, नातवंडे पाहून वारला. त्याच्या मृत्यूनंतर आजींनी पदक चर्चला दिले. "घरात ठेवले तर पोरे हरवतील, म्हणून देवाच्या घरी ठेवले," असे त्या म्हणाल्या. देवाच्या घरी आपण त्याचे काय करणार होतो ते आम्ही त्यांस सांगितले नाही. सांगवेना.

आता आमचे स्वतःचे सांगतो, कारण दुसऱ्याच्या पदकाविषयी जो बोलतो त्याने आपल्या पदकाचा हिशोब आधी दिला पाहिजे. 1952 साली संताच्या मृत्यूस चारशे वर्षे पूर्ण झाली, तो सोहळा फार मोठा झाला. गोवा अद्याप पोर्तुगिजांच्या सत्तेखाली असल्यामुळे तेथे जाणे म्हणजे परमुलखात जाणे होते. आमची आई त्या वेळी बारा वर्षांची. आजोबांबरोबर ती गेली होती. तिच्याजवळ त्या सोहळ्याचे चांदीचे पदक होते. लहानपणी ते आम्ही रोज पाहत असू, आणि जी वस्तू मनुष्य रोज पाहतो तिच्याविषयी तो काही विचारीत नाही. पुढे आमच्या थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला. वाळे करावयाचे होते व हात आखडलेला होता. आईने पदक सोडून हातावर ठेवले व म्हणाली, "घे, एवढ्याने भागेल." आम्ही ते सोनाराकडे दिले. त्याने घट धरून किंमत केली, वर थोडे पैसे घेतले आणि वाळे दिले. वर्षभराने वाळे लहान झाले. ते मोडून मोठे केले. तेही पुढे मोडले. आता त्या चांदीचा कणही आमच्या घरी नाही.

त्याचे दुःख नाही. नातीच्या पायात आजीचे पदक वाजले, यात वाईट ते काय? दुःख निराळे आहे. आई गेल्यावर आमच्या ध्यानात आले की, ती गोव्यास कशी गेली, बरोबर कोण होते, तेथे तिने काय पाहिले, आजोबांनी पदकास पैसे कोठून आणले, हे आम्ही तिला कधीच विचारले नाही. पदक समोर असते तर कधी तरी एखाद्या मुलाने विचारले असते, "आजी, हे काय?" आणि तिने सांगितले असते. चांदी आटली त्या दिवशी प्रश्न विचारणारेच घरातून गेले. पेटीतील 1952 ची दोन पदके आम्ही हातात घेतली तेव्हा आमच्या आईच्या पदकावर काय होते ते तरी कळेल म्हणून उत्सुकतेने पाहिले. पाहिले, आणि आम्हांस ओळखता आले नाही.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व भावनेचे बोलणे झाले. धर्माचे शास्त्र काय सांगते? विचारणे योग्य आहे, आणि उत्तर आमच्या बाजूने अर्धेच आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पदकात स्वतःची अशी काही शक्ती नाही. ते ताईत नव्हे. पोप सहावे पॉल यांनी 1967 साली दंडमुक्तीविषयी जी घटना प्रसिद्ध केली तिच्यात आशीर्वादित क्रूस, जपमाळ, पदक इत्यादी वस्तू भक्तिभावाने वापरणारास दंडमुक्ती सांगितली आहे. भर वापरण्यावर व भक्तिभावावर आहे, धातूवर नाही. 1917 च्या जुन्या धर्मविधिसंहितेप्रमाणे अशी वस्तू पूर्ण नष्ट झाली किंवा विकली गेली तर तिच्याशी निगडित दंडमुक्ती संपत असे. आशीर्वाद झाला म्हणून वस्तूची किंमत वाढवून घेणे तर पापच. उलट, वापरास निरुपयोगी झालेली पवित्र धातूची वस्तू वितळवून तिचे मूळ रूप नाहीसे करावे व मग ती धातू दुसऱ्या कामी लावावी, ही ख्रिस्तसभेत जुनीच रीत आहे. किती तरी ठिकाणी नवसाच्या चांदीचे प्याले व दिवे झाले आहेत. तेव्हा समितीचा ठराव धर्माविरुद्ध आहे असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये.

आमचे म्हणणे एवढेच की, आजींनी दाखविलेले पदक निरुपयोगी झालेले नाही. त्याचा एक उपयोग शिल्लक आहे, व तो वितळल्यावर राहणार नाही.

यास आपल्याच गावचे उदाहरण देतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे आज शाळेतील मुलेही सांगतात. परंतु ही गोष्ट लोक साफ विसरून गेले होते. 1939 साली वाशीम येथे राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्म येथून दिलेली ती सनद. काही भाग संस्कृत, काही प्राकृत. नागपूरचे महामहोपाध्याय मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी त्याचा अभ्यास केला, आणि एका अख्ख्या राजशाखेचा इतिहास पुन्हा उभा राहिला. आता कल्पना करा की, ते तांब्याचे पत्रे ज्याच्या हाती होते त्याने ते तांबटाच्या दुकानी मोडीत घातले असते. तांब्याची किंमत काय आली असती? एखादी घागर. आपल्या ख्रिस्ती वस्तीस या जिल्ह्यात राजे नव्हते व सनदाही नव्हत्या. अमरावतीचा धर्मप्रांत 1955 साली नागपूरपासून वेगळा झाला. त्याचा कारभार कागदोपत्री सापडेल. परंतु 1931 साली कारंज्याहून एक बाई मांडीवर मूल घेऊन गोव्यास गेली, याची सनद कोणत्या दप्तरात सापडणार? ती दोन दातांच्या खुणांवर लिहिलेली आहे.

म्हणून आम्ही समितीपुढे पुढील गोष्ट नम्रपणे ठेवतो. नवसाचे डोळे, पावले व पाळणा, ज्यांचा धनी कोणी नाही, ती चांदी आटवावी. ती पंचवीस-सव्वीस तोळे भरते. तेवढ्यात प्रत्येक कुटुंबास पदक होणार नाही. तेव्हा पदक आकाराने लहान करावे, अथवा चांदीची थोडीच काढून बाकीची पितळेची काढावी. पितळेचे मिळाले म्हणून कोणी रुसू नये. ज्यांस सासूबाईंसारखी शंका येईल त्यांनी वरचे पैसे भरून चांदीचे घ्यावे! पदकावर आपल्या गावाचे नाव व साल खोल उठवावे. संताची आकृती झिजते, साल राहते, हे आपण पाहिलेच. आणि मागील बाजू अगदी कोरी ठेवावी. नक्षी नको, संस्थांची नावे नकोत, समितीचीही नको. ज्यास पदक मिळेल त्याने ती बाजू आपल्या घरी नाव कोरण्यास वापरावी.

जुनी अकरा पदके मात्र ठेवावी. ती घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह कृपा करून कोणी करू नये. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाने; तो काळेपणा तिला खात नाही, पण राख व रांगोळी खाते. संताचे नाक कोणाच्या पापाने गेले नाही, ते दर फेस्ताच्या आदल्या दिवशीच्या राखेने गेले. कोमट पाण्यात रिठा व मऊ फडके, एवढे पुरे.

आणखी एक वही करावी. तिच्यात प्रत्येक पदकापुढे ते कोणाचे, कोणत्या सालचे, कोण घेऊन आले, कोणाच्या गळ्यात होते, हे लिहावे. ज्यांच्या घरी पदके आहेत त्यांनी ती चर्चला देण्याची मुळीच गरज नाही. घेऊन यावी, दाखवावी, लिहवावी आणि परत न्यावी. गेल्या वर्षी जी मंडळी गोव्यास जाऊन आली त्यांनीही आपली नावे लिहवावी. आज त्यांस हसू येईल. बाजारातील दुकानावर घेतलेल्या पदकाचे काय मोठेसे, असे वाटेल. 1931 सालच्या त्या बाईसही तसेच वाटले असेल.

कामाची सुरुवात आम्ही करून ठेवली आहे. वही दाराजवळच्या मेजावर आहे. पहिले पान आजींच्या सांगण्यावरून भरले. त्यांस लिहिता येते, तरी त्यांनी आमच्याकडून लिहवून घेतले आणि खाली स्वतः सही केली. दुसरे पान आमच्या आईचे आहे. साल 1952, वय वर्षे बारा, बरोबर वडील. पदक या रकान्यात "आटविले" असे लिहिले आहे, व कोणी आटविले तेही लिहिले आहे. प्रवासाचा रकाना कोरा आहे. 1952 सालच्या सोहळ्यास गेलेले कोणी वृद्ध गृहस्थ किंवा आजीबाई आपल्यापैकी कोणाच्या घरी हयात असतील, तर त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर थोडे थांबावे. त्या दोन पदकांचे धनीही अजून सापडावयाचे आहेत. भिंग आम्ही बरोबर आणू.